बर्फ तयार होतो आहे, पाऊल टाकू नये

नेस्टर होलोवाटीच्या स्वयंपाकघरातल्या कपाटांना दारं नाहीत. कप, बश्या, मीठ, चहा, ओट्सचा डबा, सगळं उघड्यावर. नवीन माणसाला वाटतं, घर लावायचं राहून गेलंय. दारं तळघरात आहेत. एका जुन्या चादरीखाली एकमेकांना टेकून उभी, प्रत्येकाच्या मागे खडूने नंबर. दाराआड गेलेली वस्तू नेस्टरच्या लेखी या जगातूनच गेलेली असते. पूर्वी एकदा आईने मिठाचा पुडा कपाटात आत सारला, तर त्याने दर आठवड्याला एक अशी मिठाची सतरा पाकिटं आणली होती. पहिलं संपेपर्यंत कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण बाकीची सोळाही आईने आतच सारली होती.

नेस्टर बेचाळीस वर्षांचा आहे आणि आमच्या केसवेलच्या कर्लिंग क्लबचा बर्फ तो करतो. बर्फावरून जड दगड सरकवत नेण्याचा हा खेळ. सस्काचेवान प्रांतातल्या आमच्या भागात हिवाळ्याचे सहा महिने दुसरं काही करण्यासारखं नसतं, त्यामुळे बर्फ करणाऱ्याला गावात धर्मगुरूपेक्षा थोडा जास्तच मान आहे. सामन्याआधी नेस्टर पाठीवर पाण्याची टाकी घेतो आणि उलट्या पावलांनी चालत खेळाच्या अख्ख्या लांब पट्ट्यावर बारीक थेंब शिंपडतो. थेंब गोठून त्यांचे दाणे होतात आणि त्या दाण्यांवरून दगड धावतो. हे चाललेलं असताना दाराशी एक पाटी टांगलेली असते: बर्फ तयार होतो आहे, पाऊल टाकू नये. पाटी उतरेपर्यंत केसवेलमधलं कुणीही, अगदी महापौर असला तरी, कडेच्या लाकडी पट्टीपलीकडे जात नाही. एकोणीस वर्षांत एकदाच एका पाहुण्या संघातला माणूस गेला होता. त्याचं नाव आम्ही अजून मुलांना धाक घालायला वापरतो.

मी त्याच क्लबच्या स्वयंपाकघरात सूप आणि सँडविच करते, आणि राहते नेस्टरच्या समोरच्या घरात. त्यामुळे पुढे जे झालं त्यातला माझा वाटा मला लपवता येण्यासारखा नाही.

चार वर्षांपूर्वी सस्काटूनच्या एका डॉक्टरीणबाईंनी नेस्टरला ऑटिझम असल्याचा कागद दिला. गावात कुणी चमकलं नाही. आमच्या गल्लीतली लोरेन म्हणाली, त्याला नाव आहे होय, मला वाटलं हा नुसता नेस्टर आहे. त्याच्या आईने, स्टेफाने, तो कागद नीट घडी करून ज्या खणात फ्रिजच्या आणि कपडे धुण्याच्या मशीनच्या माहितीपुस्तिका असतात त्यात ठेवला. नेस्टरला ते पटलं.

"जागा बरोबर आहे," तो मला म्हणाला होता. "फक्त पुस्तक अडतीस वर्षं उशिरा आलं."

तोवर त्याचं सगळं वेळापत्रक म्हणजे स्टेफाच होती. सातला दहा कमी असताना जिन्याखालून तिची हाक यायची, दात घासलेस? मग, लापशी खाल्लीस? मग, मोजे दोन्ही एकच आहेत ना? एकोणऐंशी वर्षांची होईपर्यंत तिने हे केलं. गेल्या सप्टेंबरात बिटाच्या लोणच्याच्या बरण्या वरच्या फळीवर ठेवताना ती स्टुलावरून पडली, खुब्याचं हाड मोडलं आणि हॉस्पिटलातून ती थेट शेजारच्या गावातल्या वृद्धनिवासात गेली.

नेस्टरची थोरली बहीण स्लावका रेजायना शहरात एका शाळेची मुख्याध्यापिका आहे. ती वाईट नाही. तिला फक्त कुठलाही प्रश्न शुक्रवारच्या आत संपवायची सवय आहे. तिने हॉस्पिटलच्या व्हरांड्यातच ठरवून टाकलं की घर विकायचं आणि नेस्टरने तिच्या तळघरात राहायला यायचं. तळघर चांगलं आहे, गरम आहे, वेगळी मोरी आहे. नेस्टरने ऐकून घेतलं आणि म्हणाला, रेजायनात बर्फ दुसरा माणूस करतो. त्याच्या दृष्टीने विषय तिथे संपला होता. स्लावकाच्या दृष्टीने तिथे सुरू झाला. शेवटी स्टेफाने खाटेवरून निकाल दिला: नोव्हेंबरअखेरपर्यंत त्याला एकट्याला राहू द्या. मग स्लावकाने तीन दिवस येऊन राहावं. घर चाललेलं दिसलं तर तो तिथेच राहील, नाही दिसलं तर तळघर.

क्लबने दोन वर्षांपूर्वी नवा गुणफलक घेतला तेव्हा जुना नेस्टरने घरी नेला होता. लांबलचक हिरवी फळी, तिच्यावर खिळ्यांची रांग, आणि खिळ्यांना अडकवायच्या नंबरांच्या पत्र्याच्या पाट्या. आई वृद्धनिवासात गेल्यावर पाचव्या दिवशी त्याने तो स्वयंपाकघराच्या भिंतीवर ठोकला. सामन्याच्या असतात तशा दिवसाच्या आठ फेऱ्या केल्या. पहिलीत उठणं, दात, शर्ट. दुसरीत लापशी आणि गॅस बंद. पाचवीत घरी येणं, बूट चटईवर, आणि वीस मिनिटं कुणाशी न बोलता फ्रिजशेजारच्या खुर्चीत बसणं, कारण फ्रिजचा आवाज त्याला रिंकच्या, म्हणजे क्लबाच्या बर्फाच्या मैदानाच्या, कम्प्रेसरसारखा वाटतो. फेरी झाली की पाटी टांगायची. शर्ट सात, सगळे निळे, सगळ्यांच्या मानेमागच्या चिठ्ठ्या कापलेल्या, खुंट्यांवर ओळीने. सोमवारी बटाट्याचे पिरोगी, म्हणजे उकडलेल्या करंज्या, पण साय वेगळ्या वाटीत, शिवता कामा नये. सूप एकसष्ट अंशांवर. त्यासाठी तो रिंकमधलाच तापमापक वापरायचा. पाणी शिंपडायचा तापमापक सुपात बुडवतोस का, असं मी विचारलं तर म्हणाला, धुतो ना, सुपातला बर्फाच्या पाण्यात बुडवायचा असता तर प्रश्न होता.

शेवटच्या खिळ्यावर एक कोरी पाटी होती. अचानक काही झालं तर ती टांगायची, आणि तिच्या मागे लिहिलेल्या नंबरावर फोन करून फोनशेजारी लावलेल्या कार्डावरचा मजकूर वाचायचा. नंबर माझ्या घरचा होता. ऑक्टोबरात एकदा तो फोन आला.

"डोरीन, मी नेस्टर," तो एका दमात म्हणाला. "नळाखालचा पाईप गळतोय. तू घाबरू नकोस. मी घाबरलोय."

सगळं चाललं असतं. पण आम्ही होतो.

आमच्या गावात कुणी दाराला कुलूप लावत नाही आणि कुणी दार वाजवत नाही. दार वाजवलं तर आतल्याला वाटतं, कुणीतरी मेलं. आपण सरळ आत जातो, टेबलावर काहीतरी ठेवतो, घरातलं माणूस असेल तर त्याला दोन शब्द सुनावतो आणि येतो. स्टेफा गेल्यावर त्या घरात गावाचा राबताच सुरू झाला. सप्टेंबरात परसातली झुकिनी, काकडीसारखे लांबट भोपळे. एका आठवड्यात अकरा. मग कोबीच्या पानात गुंडाळलेल्या भाताची होलुब्ची, मग कुणी सुरवंटासारखे मोजे विणून आणले. नेस्टर पाचव्या फेरीला घरी यायचा तर खुर्चीत ऐंशी वर्षांची ओडार्का बसलेली, बूट घातलेले, विचारायला तयार की एवढा वाळलास का.

नेस्टरचा नियम होता की फेरी मध्येच मोडली तर दिवस पहिल्यापासून. रिंकवरही तसंच असतं. दाण्यांवर कुणी चाललं तर नुसता तेवढा भाग नीट करून भागत नाही, अख्खा पट्टा खरवडून नव्याने करावा लागतो. त्यामुळे ऑक्टोबरातल्या एका मंगळवारी चार माणसं आली आणि नेस्टरने चार वेळा दात घासले. दंतवैद्य पुढे म्हणाला की एवढ्या निरोगी हिरड्या त्याने अख्ख्या जिल्ह्यात पाहिल्या नाहीत. आम्ही तेही आमच्याच काळजीचं फळ समजलो.

नोव्हेंबरचा शेवटचा शुक्रवार आला. संध्याकाळी पाचला स्लावका येणार होती. सकाळी मी, लोरेन आणि ओडार्का क्लबात कॉफी घेत होतो, आणि आमचं एकमताने असं ठरलं की बिचाऱ्याचं घर असं पाहिलं तर ती त्याला त्याच रात्री गाडीत घालेल. उघडी कपाटं. भिंतीवर भंगार. शर्ट खुंट्यांवर, जसे खाटकाकडे टांगतात. नेस्टर रिंकवर चारपर्यंत असतो. अकराला आम्ही आत शिरलो, न वाजवता.

आम्ही काम केलं, हे मात्र मान्य करायला हवं. लोरेनच्या नवऱ्याला बोलावलं, त्याने तळघरातून दारं आणून सगळी बसवली. शर्ट इस्त्री करून खणात ठेवले. फ्रिजमधले काचेचे डबे धुऊन दिसेनासे केले. मी सुरी-काटे चांदी पुसतात तसे पुसले. गुणफलक गॅरेजमध्ये, पेंढ्याच्या गठ्ठ्यामागे. ओडार्काने तिच्या मावशीच्या हातचा भरतकामाचा टॉवेल ख्रिस्ताच्या तसबिरीवर लावला आणि फ्रिजशेजारची खुर्ची उचलून दिवाणखान्यात ठेवली, कारण स्वयंपाकघरात एकटी खुर्ची बघून तिला रडू येत होतं. टेबलाच्या मधोमध मी केलेला खसखशीचा रोल. तीनला आम्ही बाहेर पडलो तेव्हा घर एखाद्या मासिकातल्यासारखं दिसत होतं. लोरेन म्हणाली, आता हे तोच करतो असं तिला वाटायला तो नुसता तोंड मिटून राहिला तरी पुरे. तिथेच खरी अडचण होती, कारण नेस्टरला विचारलं आणि त्याने खोटं सांगितलं, असं बेचाळीस वर्षांत झालेलं नव्हतं.

मला कौतुक करवून घ्यायची घाई होती. मी तशीच गाडी काढून स्टेफाकडे वृद्धनिवासात गेले आणि तिला सगळं रंगवून सांगितलं. ती ऐकत होती. कपाटांपर्यंत पोचले तेव्हा तिने माझा हात धरला.

"दारं लावलीत?" ती म्हणाली.

"सगळी. बिजागऱ्यांना तेलसुद्धा घातलं."

"तो नऊ वर्षांचा होता तेव्हा पहिलं दार त्याने काढलं. बाकीची मी काढली. तेहतीस वर्षं मी ती लावते आणि काढते, पाहुणे यायचे असले की." तिने डोळे मिटले. "जा घरी, डोरीन. तो आता त्या घरात नसेल."

नव्हताच. पुढे तुकड्यातुकड्याने कळलं ते असं: चार वाजता तो आला, दार उघडलं, चटईवर उभा राहिला. मग बाहेर जाऊन घराचा नंबर वाचला. मग पुन्हा आत आला. फळा नव्हता, खुर्ची नव्हती, कुठे कप नव्हता. भिंतीवर खिळ्यांची भोकं होती, म्हणून घर त्याचंच हे त्याने मान्य केलं. आणि निघून गेला.

मी सहाला माझ्या घरापाशी पोचले तर अंगणात स्लावका उभी, लांब काळ्या कोटात. ती पाचलाच आली होती. पहिली पाच मिनिटं तिला फार आनंद झाला, असं ती म्हणाली. कपाटं उघडून पाहिली, खण उघडून पाहिले. मग तिला वाटलं, इथे कुणी राहतं असं दिसत नाही.

"माझा भाऊ कुठे आहे?" तिने विचारलं. आवाज शाळेतला होता. मी चाळीस वर्षांत पहिल्यांदा टोपी काढली.

आम्ही फोन करायला माझ्या घरात शिरलो, तर निरोप नोंदवणाऱ्या मशीनचा लाल दिवा लुकलुकत होता. मी बटण दाबलं.

"डोरीन, मी नेस्टर. चार वाजून अकरा मिनिटं. घरात कुणीतरी शिरलं होतं. काही चोरलं नाही, सगळं लपवलंय. कोरी पाटी टांगायची होती, पण फळा नाही. तू घाबरू नकोस. मी घाबरलोय. मी रिंकवर जातो, तिथे फळा आहे. स्लावका पाचला येईल, तिला सांग. तिला पाय गरम ठेवायला सांग, तिला सर्दी होते."

स्लावकाने ते पुन्हा लावायला सांगितलं. दुसऱ्यांदा ऐकून ती माझ्याकडे बघत राहिली.

"तुझ्याकडे फोन करायचा असं ठरलं होतं," ती म्हणाली.

मी म्हटलं, हो.

"म्हणजे त्याने जे ठरलं होतं ते केलं. आणि तू कुठे होतीस?"

घरात शिरलेलं ते कुणीतरी मी होते, हे सांगायला मला रिंकपर्यंतचा अख्खा रस्ता लागला.

रिंकवर पाटी लागलेली होती. आत सगळे दिवे. नेस्टर चौथ्या पट्ट्यावर उलट्या पावलांनी चालत होता, हात डावीकडून उजवीकडे, थेंब शिंपडत. त्या संध्याकाळी सामना नव्हता. बर्फ दुपारीच तयार झाला होता. तो सगळा खरवडून पुन्हा करत होता, दोन तास.

"नेस्टर," स्लावकाने हाक मारली. त्याने मान वर केली नाही. तिने कडेच्या लाकडी पट्टीपाशी जाऊन पाऊल उचललं. मी तिची बाही धरायला हात पुढे केला, पण गरज पडली नाही. पाऊल आपोआप हवेत थांबलं आणि मागे आलं. अठ्ठावीस वर्षं रेजायनात काढली तरी ती केसवेलची आहे.

"किती वेळ?" तिने विचारलं.

"दीड पट्टा," तो म्हणाला.

आम्ही उभ्या राहिलो. दीड पट्टा म्हणजे चाळीस मिनिटं. स्लावका एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होती, तिला खरंच सर्दी होते. शेवटी त्याने टाकी उतरवली, पाटी काढली, आणि आमच्यासमोर येऊन उभा राहिला, पण बघत होता बर्फाकडे.

"माझ्या बर्फावर कुणीतरी चाललं," तो म्हणाला.

"घरात?"

"घरात. सगळीकडे."

मी म्हटलं, मी होते. मी, लोरेन आणि ओडार्का. त्याने विचार केला.

"लोरेनच्या नवऱ्याने तिसरं दार चौथ्याच्या जागी लावलंय," तो म्हणाला. एवढंच. आयुष्यात मला कुणी एवढं बोललेलं नाही.

स्लावकाने विचारलं, की तिला घर एवढं सुंदर दिसलं, मग त्यात अडचण काय. तो म्हणाला, ते मी ठेवलेलं नाही. तुला मी ठेवलेलं बघायचं होतं. मग ती म्हणाली, आता घरी गेल्यावर काय करणार?

"दारं काढणार. फळा लावणार. मग पाचवी फेरी."

"आणि मी?"

"तू कोचावर. फळ्यावर तुझी पाटी आहे."

ती होती. आम्ही परतलो तोवर लोरेन आणि ओडार्काही तिथे येऊन पोचल्या होत्या. गॅरेजमध्ये पेंढ्यामागून फळा बाहेर काढला तेव्हा दिसलं, त्याने तीन नव्या पाट्या केल्या होत्या, शुक्रवार, शनिवार, रविवार, प्रत्येकीवर स्लावका. शनिवारच्या पाटीमागे बारीक अक्षरात लिहिलं होतं की ती कॉफीत दोन साखरा घेते आणि नऊनंतर बोलायला लागते. आम्ही ती पाटी घाईघाईने पेंढ्यावर टाकली होती. लोरेनने वाकून ती उचलली आणि बाहीने पुसली, खूप वेळ पुसली.

नेस्टर स्क्रू काढत होता. तीन दारं झाल्यावर स्लावकाने कोट काढला आणि दुसरा स्क्रू-ड्रायव्हर आहे का म्हणून विचारलं. होता. उघड्या फळीवर होता, लगेच दिसला. चौथं दार तिने काढलं, खाली ठेवलं, मागचा खडूचा नंबर पाहिला.

"रेजायनातल्या त्या तळघरात," ती कुणाकडे न बघता म्हणाली, "मी माझं शिवणयंत्र ठेवणार आहे."

नेस्टर म्हणाला, तिथे उजेड कमी आहे. ती म्हणाली, माहीत आहे, दिवा घेईन. मग तो वीस मिनिटं फ्रिजशेजारी जाऊन बसला आणि उठल्यावर त्याने पाचवी पाटी टांगली. ती खुर्ची ओडार्काने स्वतः परत आणून ठेवली होती.

रविवारी निघण्यापूर्वी स्लावकाने आम्हा तिघींना अंगणात उभं करून बरंच काही सुनावलं. शाळेत मुलांना कसं वाटत असेल ते मला त्या दिवशी कळलं. नेस्टर पायरीवर उभा राहून ऐकत होता. शेवटी त्याने मध्येच सांगितलं की त्यांची चूक नाही. रिंकवर पट्टी आहे, पाटी आहे. घराला काहीच नाही. मग त्यांना कळणार कसं? आणि तो क्लबात जाऊन 'पाऊल टाकू नये'ची जादा पाटी घेऊन आला आणि दाराच्या खिळ्याला लावली.

त्याला आता दोन महिने झाले. काही कुणाला समजावून सांगावं लागलं नाही. पहिल्याच दिवशी टपाल टाकणारा माणूस पाटी वाचून फाटकातच थांबला, आणि ओडार्का, जी स्वतःच्या मुलीच्या बाळंतपणातही न वाजवता आत गेली होती, ती होलुब्चीचं भांडं घेऊन अंगणात उभी राहिली. तिने माझ्याकडे पाहून कुजबुजत विचारलं, कितवा पट्टा?

कालचीच गोष्ट. उणे अठ्ठावीस होतं. मी सूप घेऊन गेले, त्याच्या आवडीचं, बिटाचं. पाटी लागलेली. खिडकीतून फळा दिसत होता, चार पाट्या टांगलेल्या. तो खुर्चीत बसला होता. मी त्याला दिसले. त्याने हात केला, मग घड्याळाकडे पाहिलं आणि चार बोटं दाखवली.

मी चार मिनिटं थांबले. पापण्यांवर बर्फ धरत होता. पाटी उतरली, दार उघडलं, आणि त्याने बोलायच्या आधी तापमापक सुपात बुडवला.

"चोपन्न," तो म्हणाला. "तुला उशीर झाला."